मायबाप रसिकांचा मालकी हक्क

सुशिक्षित गृहस्थांच्या बैठकींत हल्लीं एक तक्रार हटकून ऐकूं येते. मुलगी हुशार आहे, अभ्यासांत मागें नाहीं, पण तिला एक वेड लागलें आहे. हें वेड म्हणजे कधीं एखादा नट असतो, कधीं क्रिकेटपटु, आणि अलीकडे बहुधा दूरच्या कोरिया देशांतील एखादी गाणारी मंडळी. ज्यांची भाषा कन्येस येत नाहीं, ज्यांना तिचें अस्तित्वहि ठाऊक नाहीं, अशा माणसांच्या वाढदिवसाला ती मैत्रिणींना मिठाई वाटते. आणि त्यांच्यापैकीं एक जण डिसेंबर २०२२ मध्यें आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणें लष्करांत दाखल झाला, तेव्हां ती रात्रीं जेवली नाहीं. तीर्थरूपांचा निष्कर्ष ठरलेला असतो. हें वेड आहे, हा सारा मोबाइलचा प्रताप आहे, आमच्या वेळीं असलें कांहीं नव्हतें. श्रोते माना डोलावतात, आणि चहा येतो.

ह्या निष्कर्षाला शिष्टसंमति मिळाली आहे, म्हणूनच त्याचा समाचार घेणें अवश्य वाटतें. वेड म्हणावें तर तें निम्म्या जगाला आहे. मोबाइलचा प्रताप म्हणावा तर तो मोबाइलच्या शंभर वर्षें आधींपासून चालत आला आहे. आणि ‘आमच्या वेळीं नव्हतें’ हें तर निखालस खोटें आहे. परंतु माझा मुख्य आक्षेप ह्याहून निराळा आहे. ह्या गृहस्थांचा सारा रोष त्या स्नेहाच्या एकतर्फीपणावर असतो. एकतर्फी स्नेहानें आजवर कोणाचें फारसें बिघडलेलें नाहीं. बिघडतें तें त्या स्नेहाची परतफेड मागितली जाते तेव्हां; आणि ती मागण्याच्या कामीं पोरीबाळींपेक्षां आपल्यासारखे प्रौढ, पदवीधर, रसिक म्हणविणारे लोकच अधिक पटाईत ठरले आहेत.

मानसशास्त्र ह्याविषयीं काय सांगतें तें आधीं पाहूं. १९५६ सालीं डोनाल्ड हॉर्टन व रिचर्ड वोल ह्या दोन अमेरिकन संशोधकांनीं ‘सायकायट्री’ नांवाच्या नियतकालिकांत एक निबंध प्रसिद्ध केला. नभोवाणी आणि त्या काळीं नवीनच असलेली दूरचित्रवाणी ह्यांतून नित्य भेटणाऱ्या निवेदकांशीं प्रेक्षकांचें जें नातें जडतें, त्याला त्यांनीं ‘पॅरासोशल’ असें नांव दिलें. म्हणजे परिचयासारखा दिसणारा, पण एकाच बाजूनें चालणारा संबंध. निवेदक सरळ प्रेक्षकाकडे पाहून बोलतो, उत्तराची वाट पाहिल्यासारखा क्षणभर थांबतो, आणि प्रेक्षक मनांतल्या मनांत उत्तर देतो. हा व्यवहार ठरल्या वेळीं होऊं लागला कीं त्याची सवय जडते, सवयीचा विश्वास होतो, आणि कांहीं काळानें त्या माणसाचा स्वभाव आपल्याला शेजाऱ्याच्या स्वभावापेक्षां अधिक कळतो असें प्रेक्षकाला वाटूं लागतें. ह्यांत त्याची फसवणूक झालेली असतेच असें नाहीं. समोरचा माणूस आपल्याला ओळखत नाहीं, हें त्याला पक्कें ठाऊक असतें. त्याच निबंधांत एकाकी पुरुषांसाठीं रात्रीं ऐकविल्या जाणाऱ्या एका नभोवाणी-कार्यक्रमाचें उदाहरण आहे. एक निनावी स्त्री, केवळ एक आवाज. जणूं एकाच श्रोत्याशीं हळुवार बोलत आहे अशी ती बोले, आणि ऐकणारे मात्र हजारों असत. हें उदाहरण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

ह्या नात्याच्या मुळाशीं कांहीं विकृति आहे असें समजण्याचें कारण नाहीं. रॉबर्ट झायन्स ह्या मानसशास्त्रज्ञानें १९६८ सालीं प्रयोगांनीं दाखवून दिलें कीं, एखादी वस्तु नुसती वारंवार दृष्टीस पडली तरी ती माणसाला आवडूं लागते. मानवाच्या इतिहासांतील बहुतेक काळ रोज दिसणारा चेहरा हा घरच्या किंवा गांवच्या माणसाचाच असे. तो आतां पडद्यावरून दिसतो एवढ्यानें मन त्याला परका मानावयास तयार होत नाहीं. तो पडद्यावरचा कीं दारांतला, ही चौकशी बुद्धि करते. मन त्याच्या आधींच त्याला आपल्या माणसांत जमा करून मोकळें झालेलें असतें. ‘फ्रेंड्स’ नांवाची अमेरिकन मालिका ६ मे २००४ रोजीं संपली, तेव्हां तिच्या प्रेक्षकांना काय वाटलें ह्याचा अभ्यास करून केरेन इयाल व जोनाथन कोहेन ह्यांनीं २००६ सालीं एक लेख लिहिला. त्यांना असें दिसलें कीं, नातें तुटल्यावर वाटतें त्याच जातीची हुरहूर प्रेक्षकांना वाटली, मात्र ती खऱ्या ताटातुटीपेक्षां सौम्य होती. कोरियन गायकासाठीं एक रात्र उपाशी राहिलेली मुलगी सकाळीं नेहमीप्रमाणें पोहे खाऊन कॉलेजांत जाते, तें ह्या सौम्यपणामुळेंच.

अर्थात् टोकाचीं उदाहरणें आहेत. २००२ सालीं मॅक्कचन व त्याच्या सहकाऱ्यांनीं ह्या भावनेचें माप घेण्याची एक श्रेणीच तयार केली. तिच्या खालच्या पायरीवर गप्पागोष्टी व करमणूक आहे, मधल्या पायरीवर खाजगी ध्यास आहे, आणि सर्वांत वर खऱ्याखोट्याचा विवेक सुटलेली अवस्था आहे. ८ डिसेंबर १९८० रोजीं न्यूयॉर्कमध्यें ज्यानें जॉन लेननची स्वाक्षरी घेतली, त्यानेंच त्याच दिवशीं रात्रीं त्याला गोळ्या घातल्या. असा मनुष्य रोगीच होय. परंतु ह्या एकावरून खालच्या पायरीवरील लाखोंची परीक्षा करणें म्हणजे एकाला संनिपात झाला म्हणून साऱ्या गांवाला काढा पाजण्यासारखें आहे.

आतां ‘आमच्या वेळीं नव्हतें’ ह्या विधानाकडे वळूं. १६ नोव्हेंबर २०१३ रोजीं वानखेडे मैदानावर तेंडुलकरांनीं निरोपाचें भाषण केलें, तेव्हां हेच तीर्थरूप दूरचित्रवाणीपुढें बसून डोळे पुशीत होते. तेंडुलकर त्यांना ओळखत होते काय? पण हें उदाहरण अगदीं अलीकडचें झालें. त्यांच्या पणजोबांचेंच घेऊं.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व. जन्म १८८८ चा. किर्लोस्कर मंडळींत नांव झाल्यावर त्यांनीं १९१३ सालीं भागीदारींत गंधर्व नाटक मंडळी काढली, आणि त्यानंतर दोन दशकें मराठी मध्यमवर्गाचें जें त्यांच्याशीं नातें होतें, त्याला ‘पॅरासोशल’ हा शब्द अपुरा पडेल. ज्या काळीं कुलीन स्त्रीनें रंगभूमीवर पाऊल ठेवणें निषिद्ध होतें, त्या काळीं कुलीन स्त्रियांनीं पदर कसा घ्यावा, शालू कसा नेसावा, गजरा कोठें माळावा, हें रंगभूमीवरचा एक पुरुष ठरवीत होता. घरोघरीं त्यांची छायाचित्रें होतीं आणि तबकड्या होत्या. त्यांचीं पदें गुणगुणत कारकुनांनीं कचेऱ्या केल्या आणि बायकांनीं धुणीं धुतलीं. ह्या स्नेहानें कोणाचें वाईट झालें? उलट, आमच्या घराघरांत शास्त्रोक्त रागदारीचा जो कांहीं कान आला, त्याचें मोठें श्रेय ह्या एकतर्फी नात्याला आहे. शेंकडों मैलांवरच्या खेड्यांतील जो शाळामास्तर आयुष्यांत एकदोनदांच त्यांचें नाटक पाहूं शकला, तोहि तबकडीच्या आधारानें त्यांच्या सहवासांत राहिला. इथपर्यंत सर्व सुंदर होतें.

परंतु नारायणराव प्रेक्षकांना ‘मायबाप’ म्हणत. तो एका विनयशील कलावंताचा उपचार होता. आम्हीं तो खरेदीखतासारखा जपून ठेवला. मायबापांना काय काय अधिकार असतात? अपत्यानें त्यांच्यासाठीं दुःख गिळावें हा एक. १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशीं नारायणरावांची चिमुकली कन्या वारली, आणि त्यांनीं रात्रीं भामिनीची भूमिका केली. ही कथा आम्ही शंभर वर्षांहून अधिक काळ गहिंवरून सांगत आलों आहोंत, आणि ती नेहमीं त्यांच्या कर्तव्यनिष्ठेची कथा म्हणून सांगतों. ती प्रेक्षकांचीहि कथा आहे, हें कोणाच्या मनांत येत नाहीं. त्या रात्रीं प्रयोग रद्द झाला असता तर ‘मायबापां’नीं काय केलें असतें? नातवंडाचें सुतक पाळलें असतें, कीं तिकिटाचे पैसे परत मागितले असते?

अपत्यानें आपल्या इच्छेबाहेर रूप बदलूं नये, हा दुसरा अधिकार. १९३५ सालीं प्रभातच्या ‘धर्मात्मा’ बोलपटांत नारायणराव एकनाथांच्या भूमिकेंत, म्हणजे पुरुषवेषांत उभे राहिले. तेव्हां त्यांचें वय सत्तेचाळीस होतें, अंग सुटलें होतें, आणि बोलपटानें रंगभूमीचें युग संपवीत आणलें होतें. नवा मार्ग धरावयाचा तर हीच वेळ होती. पण रसिकांना त्यांची भामिनी हवी होती, सिंधु हवी होती. नारायणराव पुन्हां शालू नेसून रंगभूमीवर आले, आणि पन्नाशीच्या पुढेंहि तरुण नायिका रंगवीत राहिले. ह्याला आम्ही त्यांची कलानिष्ठा म्हणतों. तींत आमच्या हट्टाचा वांटा किती होता, हें कोणी मोजलेलें नाहीं.

मायबापांना सून पसंत करण्याचाहि अधिकार असतो, आणि येथें प्रकरण खरोखरीच विषारी झालें. १९३७-३८ च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या मंडळींत आल्या. त्या स्वतः उत्तम गात, चित्रपटांत काम केलेल्या होत्या, आणि बालगंधर्वांच्या गायकीचा त्यांना ध्यास होता. म्हणजे असंख्य चाहत्यांपैकीं एकीचा एकतर्फी स्नेह दुतर्फी झाला, आणि उरलेल्यांना तो सोसला नाहीं. नारायणरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई १९४० पर्यंत हयात होत्या. त्यांना दुःख झालें असेल तर तें खरें दुःख होतें, कारण त्यांचें नातें खरें होतें. पण पिटांत आणि गॅलरींत बसणाऱ्यांना कोणत्या नात्यानें राग आला? गोहरबाई परधर्मीय होत्या आणि गाणाऱ्या होत्या, हें रागाला पुरेसें होतें. बोलपटांनीं नाटक मंडळ्या बसविल्या होत्या, कर्जें जुनीं होतीं, रंगभूमीवरील गालिचे, शालू, अत्तरें ह्यांच्या उधळपट्टीला तर आम्हींच टाळ्या दिल्या होत्या. पण बालगंधर्वांच्या ऱ्हासाचें खापर ‘त्या बाईं’च्या माथीं फुटलें. १९५१ सालीं दोघांचा विवाह झाला. पुढें नारायणरावांचे पाय गेले. ज्यांनीं त्यांना ‘आमचे नारायणराव’ म्हणून मिरविलें, त्यांच्यापैकीं कितीजण तेव्हां त्यांच्या उशापायथ्याशीं होते? गोहरबाई होत्या, १९६४ सालीं त्यांचा मृत्यु होईपर्यंत. त्यानंतर तीन वर्षांनीं, १५ जुलै १९६७ रोजीं, नारायणराव गेले. पुण्यांत त्यांच्या नांवाचें भव्य रंगमंदिर १९६८ सालीं उघडलें. रसिकांची परतफेड बहुधा अशी दगडविटांची असते.

हा राग येतो कोठून? खऱ्या मित्राविषयींची आपली कल्पना चुकली तर तो ती दुरुस्त करतो. तो उत्तर देतो, रुसतो, नको त्या वेळीं पैसे उसने मागतो. त्याच्या मूर्तीला रोज ओरखडे पडतात आणि म्हणून ती खरी राहते. दूरच्या आराध्याची मूर्ति आपण एकट्यानेंच घडविलेली असते, तिला ओरखडा पडतच नाहीं. मग एके दिवशीं तो जिवंत मनुष्य त्या मूर्तीहून निराळें कांहीं करतो, आणि आपल्याला वाटतें कीं त्यानें आपल्याशीं दगा केला. करारनामा एकाच पक्षानें लिहिला, सही एकाच पक्षानें केली, आणि करारभंगाचा दावा मात्र दुसऱ्यावर! आणि आराध्यावर दावा लावण्याचें जिवावर येतें, म्हणून तो त्याच्याजवळच्या स्त्रीवर लावला जातो.

हें जुन्या काळचें झालें असें कोणी म्हणेल, तर त्यानें २०२० चें वर्ष आठवावें. १४ जून रोजीं सुशांतसिंह राजपूत ह्या तरुण नटाचा मृत्यु झाला. दुःख होणें स्वाभाविक होतें. पण पंधरा दिवसांत दुःखाचें फिर्यादींत रूपांतर झालें. त्याला कधीं न भेटलेलीं माणसें त्याच्या वतीनें न्याय मागूं लागलीं, आणि त्याच्या मैत्रिणीचा खटला महिनोन् महिने रोज रात्रीं वृत्तवाहिन्यांवर चालला. सप्टेंबरांत तिला मादक द्रव्यांच्या प्रकरणांत अटक झाली, ऑक्टोबरांत जामीन मिळाला. आणि मृत्यूच्या चौकशीचें काय झालें, तर मार्च २०२५ मध्यें केंद्रीय अन्वेषण विभागानें प्रकरण बंद करण्याचा अहवाल न्यायालयांत सादर केला. तोंवर रात्रींच्या न्यायासनावर बसलेले लोक दुसऱ्या विषयाकडे वळले होते. हे लोक कोण होते? कोरियन गाणीं ऐकणाऱ्या मुलींनीं हा खटला चालविला नाहीं. माझ्या परिचयाच्या घरांतून तो बँकांतले अधिकारी, निवृत्त अभियंते आणि त्यांच्या सुविद्य गृहिणी रात्रींच्या जेवणाबरोबर चालवीत होत्या, आणि निकाल तोंडपाठ सांगत होत्या.

मग ह्यावर उपाय म्हणून कोणी असें सुचवील कीं, हा एकतर्फी स्नेह मुळांतूनच उपटून टाकावा. तो सल्ला देणाऱ्यानें महाराष्ट्राचें निम्में वाङ्मय बरोबर उपटावें लागेल ह्याचा विचार करावा. सतराव्या शतकांत कोल्हापुरास एका लहान वयाच्या विवाहित मुलीच्या कानीं जयराम स्वामींच्या कीर्तनांतून तुकोबांचे अभंग पडले. तिनें तुकोबांना पाहिलेलें नव्हतें. तिला त्यांचा ध्यास लागला, तिला ते स्वप्नांत भेटले, आणि तिच्या वैदिक नवऱ्याला हा प्रकार असह्य झाला. त्याचें बोलणें आमच्या तीर्थरूपांच्या बोलण्याहून फारसें निराळें नसावें. ती मुलगी म्हणजे संत बहिणाबाई. त्या ध्यासांतून तिचे आत्मचरित्रपर अभंग निघाले. मी नटाची संताशीं तुलना करतों आहें असें कोणीं समजूं नये. तुलना आराध्यांची नाहीं, आराधना करणाऱ्या मनाची आहे. आणि तें मन दोन्हीकडे एकाच रीतीनें चालतें. आपण ज्याच्यासारखें व्हावें असें वाटतें, तो जवळ असावा लागत नाहीं.

एकलव्याची गोष्ट तर ह्या विषयावरची सर्वांत जुनी गोष्ट आहे. द्रोणांनीं त्याला नाकारलें, त्यानें मातीचे द्रोण केले, आणि त्या मुक्या मूर्तीपुढें तो धनुर्विद्या शिकला. एकतर्फी नात्यानें त्याला जें दिलें तें अर्जुनालाहि हेवा वाटावा असें होतें. नुकसान झालें तें खरे द्रोण दक्षिणा मागावयास आले तेव्हां. मूर्तीनें अंगठा मागितला नव्हता.

इतका वेळ मी भक्तांच्या मागणीविषयीं लिहिलें. पण आज मूर्तीच मागूं लागल्या आहेत, किंवा मूर्तींचे व्यापारी त्यांच्या वतीनें मागूं लागले आहेत. कोरियन मंडळींच्या चाहत्यांसाठीं मोबाइलवर अशी सोय निघाली आहे कीं, दरमहा ठराविक रक्कम भरली म्हणजे आवडत्या गायकाचा संदेश आपल्याला येतो. तो अशा चौकटींत उमटतो कीं जणूं आपल्या एकटीलाच लिहिला आहे: जेवलीस का, थंडी फार आहे, सांभाळ. तोच मजकूर त्याच क्षणीं हजारोंच्या पडद्यावर उमटलेला असतो. आपण उत्तर लिहावें. तें एका प्रचंड ढिगांत पडतें. हॉर्टन आणि वोल ह्यांच्या निबंधांतली ती रात्रींची निनावी स्त्री ही हीच; फरक इतकाच कीं आतां ती नांवानें हाक मारते आणि महिन्याच्या महिन्याला देयक पाठविते. २०१७ पासून अशीहि एक अमेरिकन पेढी चालू आहे, कीं जिच्यामार्फत पैसे मोजून नामांकित नटाकडून वाढदिवसाच्या शुभेच्छा बोलवून घेतां येतात. तिच्याविषयीं माझी फारशी तक्रार नाहीं. तेथें किंमत दर्शनीं लिहिलेली आहे, आणि मंगल कार्यालयांत पैसे देऊन सनई लावावी त्यांतला तो प्रकार आहे. पहिली सोय मात्र मी घातक समजतों. एकतर्फी नातें निरोगी राहतें तें एका जाणिवेवर: समोरचा आपल्याला ओळखत नाहीं, ही ती जाणीव. हा व्यापार नेमकी तीच पुसून टाकावयास निघाला आहे. ती पुसली गेली कीं मुलगी परतफेडीची वाट पाहूं लागते, वाट पाहतांना पैसे भरते, आणि उद्यां तो गायक कोणाशीं विवाहबद्ध झाला कीं गोहरबाईंच्या वांट्याला जें आलें तें दुसऱ्या कुठल्या तरी मुलीच्या वांट्याला येतें. कोरियांत असे प्रसंग घडूं लागलेहि आहेत. गायकाचें कोणाशीं प्रेम आहे हें बाहेर पडतांच चाहत्यांनीं जाब विचारला आणि त्यानें जाहीर क्षमा मागितली, असें वर्तमानपत्रांत वाचावयास मिळतें. प्रेम केल्याबद्दल क्षमा! मायबापांनींहि नारायणरावांकडून इतकें मागितलें नव्हतें.

तेव्हां तीर्थरूपांस माझी एवढीच विनंति कीं, मुलीच्या भिंतीवरचें चित्र त्यांनीं खुशाल राहूं द्यावें. तें गाणें तिला आवडत असेल तर एकदां स्वतःहि ऐकावें. कोरियन भाषा शिकावीशी वाटत असेल तर शिकूं द्यावी, बहिणाबाईच्या नवऱ्याचा कित्ता गिरवूं नये. मात्र त्या संदेशांची वर्गणी दरमहा ज्या खात्यांतून आपोआप वजा होते, तें खातें बहुधा त्यांचेंच असतें. तें पुस्तक त्यांनीं एकदां उघडून पाहावें, आणि मग मुलीला समोर बसवून विचारावें कीं हे पैसे गाण्याचे आहेत कीं हाकेचे.